हजेरीपत्रकाचा तांबडा रंग आणि निकषाचे पान
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मला संगणकावरील हजेरीपत्रकाविषयी दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. एक्सेलसारख्या कोष्टकात एका शीटवरील सेलना आपोआप रंग यावा अशी अट घालता येते. त्या अटीतील आकडा दुसऱ्या शीटवर असेल, तर तो तेथून कसा आणावा, एवढाच हा प्रश्न. हे काम कारकुनी आहे, असे आपणांपैकी कित्येकांना वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. परंतु हा कारकुनी प्रश्न मी नीट सोडविला नाही, आणि त्याचे मोल माझ्या वर्गातील एका मुलीला द्यावे लागले. म्हणून आज हा विषय मी आपणांपुढे आवर्जून मांडीत आहे.

संगणक येण्यापूर्वी आपल्या शाळेत काय चालत असे ते आठवून पाहा. महिनाअखेर मुख्याध्यापक हजेरीपट पुढे घेत, आणि ज्या मुलाच्या ओळीत गैरहजेरीच्या खुणा दाटलेल्या दिसत, त्याच्या नावाला तांबड्या पेन्सिलीने खूण करीत. ती खूण कोणत्या आधारावर करावयाची, हे त्यांच्या मनात ठरलेले असे. आता तीच तांबडी पेन्सिल आपण यंत्राच्या हाती दिली आहे. इंग्रजीत तिला ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ म्हणतात. आपण तिला सशर्त रंग म्हणू. फरक इतकाच की, यंत्राला मन नाही. निकष कोणता आणि तो कोठे लिहिला आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे लागते.

आता हा निकष कोठे लिहावा? आपल्यांतील बहुतेक जण तो अटीच्या आतच लिहून टाकतात. ‘चार दिवसांपेक्षा कमी असल्यास तांबडा रंग’ असे एकदा सांगितले की काम झाले, अशी आपली समजूत असते. परंतु शाळेत चार वर्ग, म्हणजे चार शीटा. प्रत्येक शीटवरील अटीच्या पोटात तो चाराचा आकडा दडलेला. पुढे श्रावण येतो. आपल्या खानदेशात कानबाई रविवारी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. त्या सोमवारी गावोगावची मुले शाळेत नसतात. पोळ्याच्या आठवड्यातही कामाचे दिवस कमी भरतात. अशा आठवड्यात चाराच्या जागी तीन हा निकष धरावा लागतो. मग चारही शीटांवर जाऊन, प्रत्येक अट उघडून, आकडा बदलावा लागतो. तीन ठिकाणी बदलतो, एका ठिकाणी राहून जातो. शिवाय अटीच्या पोटातील आकडा पानावर दिसत नाही, त्यामुळे चूक झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय आपल्या जुन्या हिशेबाच्या वह्यांतच आहे. किर्दीत रक्कम लिहिताना शेजारी खतावणीचे पान लिहितात. सर्व खाते किर्दीत उतरवून काढीत नाहीत. ‘अमुक पानावर पाहा’ एवढेच सांगतात. तसेच येथे करावे. कोष्टकाच्या फाइलीत ‘निकष’ नावाची एक वेगळी शीट ठेवावी. तिच्यावर आपले सर्व निकष, त्यांच्या नावांसह, उघड लिहावेत. बी रकान्याच्या दुसऱ्या ओळीत ‘आठवड्यातील किमान हजर दिवस : ४’, तिसऱ्या ओळीत ‘पहिली ते पाचवीच्या मुलास तांदूळ : १०० ग्रॅम’, चौथीत ‘सहावी ते आठवीच्या मुलास तांदूळ : १५० ग्रॅम’. प्रत्येक वर्गाच्या शीटने आपली अट येथूनच घ्यावी. निकष बदलला की एकाच ठिकाणी आकडा बदलावा. सर्व वर्गांचे रंग त्याबरोबर बदलतील.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. छापील प्रतीत रकान्यांची अक्षरे व सूत्रांची नावे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती इंग्रजी अक्षरांत टंकावीत. समजा, तिसरीच्या शीटवर पाचव्या ओळीपासून चाळिसाव्या ओळीपर्यंत मुलांची नावे आहेत, आणि सी रकान्यात त्या आठवड्यातील हजर दिवस आहेत. सी५ पासून सी४० पर्यंतचे सेल निवडावेत. ‘होम’ या भागातील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ उघडून ‘न्यू रूल’ घ्यावा, आणि सूत्राने अट ठरविण्याचा पर्याय निवडावा. तेथे असे सूत्र लिहावे :

=अँड(सी५<>"",सी५<निकष!$बी$२)

याचा अर्थ असा : सेल रिकामा नसावा, आणि त्यातील आकडा निकषाच्या शीटवरील बी२ मधील आकड्यापेक्षा कमी असावा. रिकाम्या सेलची अट मुद्दाम घातली आहे. यंत्र रिकाम्या जागेस शून्य समजते. अट न घातल्यास ज्या आठवड्याची हजेरी अजून भरलीच नाही, तो सर्व रकाना तांबडा होऊन बसतो. शीटचे नाव आणि सेल यांमध्ये उद्गारचिन्ह येते. हे सर्व हाताने टंकण्याऐवजी सूत्र लिहिता लिहिता ‘निकष’ शीटवर जाऊन तो सेल दाबला, तर यंत्र पत्ता स्वतःच बिनचूक लिहिते. शीटच्या नावात मोकळी जागा असेल, तर नावाभोवती एकेरी अवतरणचिन्हे लागतात. तीही ते स्वतःच घालते.

सूत्रातील डॉलरच्या चिन्हाकडे विशेष लक्ष द्यावे. सूत्र आपण पहिल्या मुलासाठी लिहितो. यंत्र तेच सूत्र ओळीमागून ओळ खाली उतरवीत जाते. दुसऱ्या मुलासाठी सी५ चे सी६ होते, आणि ते योग्यच आहे. परंतु निकषाच्या पत्त्यास डॉलरने खिळविले नसेल, तर बी२ चे बी३, बी३ चे बी४ असे तेही खाली उतरते. खालचे सेल रिकामे असतील तर तेथे निकष शून्य ठरतो, आणि शून्यापेक्षा कमी दिवस कोणाचेच नसतात. म्हणजे पहिल्या मुलाची परीक्षा खरी होते, आणि उरलेली पस्तीस मुले न तपासताच उत्तीर्ण होतात. पान मात्र स्वच्छ दिसते.

याउलट, कधी कधी पत्ता खिळवावयाचा नसतो. शालेय पोषण आहाराचे उदाहरण घ्या. ‘हजेरी’ शीटवर रोजची एकूण उपस्थिती आहे. ‘आहार’ शीटवर त्याच ओळीत त्याच तारखेस शिजविलेला तांदूळ आहे. पहिली ते पाचवीची ५८ मुले हजर असतील, तर ५,८०० ग्रॅम तांदूळ हवा. नोंद याहून वेगळी असल्यास रंग यावा. येथे सूत्र असे होईल :

=बी५<>हजेरी!बी५*निकष!$बी$३

हजेरीच्या सेलला डॉलर नाही, कारण तारखेबरोबर त्याने खाली उतरले पाहिजे. निकषाला मात्र आहे. नोंदी दोन्हीकडे ग्रॅममध्येच ठेवाव्यात. किलोच्या दशांशात यंत्र कधी कधी अतिसूक्ष्म फरक धरते आणि खोटा रंग दाखविते. दोन्ही शीटांवर तारखांच्या ओळी समान आहेत, हेही पाहावे. एका शीटवर मध्येच ओळ घातली की सोमवारचा भात मंगळवारच्या मुलांशी ताडला जाईल.

आता यंत्रायंत्रांतील भेद थोडक्यात सांगतो, कारण आपल्या शाळांत जुनी-नवी सर्व प्रकारची साधने आहेत. एक्सेलच्या २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांत रंगाच्या अटीमध्ये दुसऱ्या शीटचा पत्ता थेट लिहिता येत नसे. यंत्र तो नाकारीत असे. २०१० च्या आवृत्तीपासून ही मोकळीक मिळाली. म्हणून नव्या संगणकावर तयार केलेली फाइल कोणी २००७ च्या एक्सेलमध्ये उघडली, तर असा रंग तेथे दिसत नाही. जुन्या यंत्रावर एक उपाय चालतो : निकषाच्या सेलला नाव द्यावयाचे. तो सेल निवडून सूत्राच्या पट्टीच्या डावीकडील पेटीत, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी अक्षरांत ‘किमानदिवस’ असे लिहावे, आणि अटीत पत्त्याऐवजी हेच नाव वापरावे. नव्या यंत्रावरही ही पद्धत मला अधिक आवडते. कारण वर्षभराने अट उघडून पाहणाऱ्यास ‘$बी$२’ पेक्षा ‘किमानदिवस’ हा शब्द अधिक सांगतो.

एक्सेलमध्ये रंगाची अट आपल्याच फाइलीतील शीटांपर्यंत पोहोचते. दुसऱ्या फाइलीपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा तालुक्याकडून आलेल्या फाइलीतील निकष वापरावयाचा असेल, तर तो आधी आपल्या फाइलीतील निकषाच्या पानावर आणून ठेवावा. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना तेथे उद्गारचिन्हाऐवजी टिंब आढळेल. बाकी रीत बहुतांशी तीच.

आपल्यापैकी पुष्कळ जण मोबाइलवर गूगल शीट्स वापरतात. तेथे रंगाच्या अटीत दुसऱ्या शीटचा पत्ता थेट चालत नाही. तो ‘इन्डायरेक्ट’ या सूत्रात, दुहेरी अवतरणचिन्हांत घालून द्यावा लागतो :

=अँड(सी५<>"",सी५<इन्डायरेक्ट("निकष!बी२"))

हे सूत्र चालते खरे. परंतु त्याचा स्वभाव निराळा आहे, आणि तेथेच मी फसलो. थेट दिलेला पत्ता म्हणजे ओळखीचा पोस्टमन. १९६० साली पूर्व खानदेशाचे नाव जळगाव जिल्हा झाले आणि पश्चिम खानदेशाचे धुळे जिल्हा. गाव मात्र जागच्या जागी होते, आणि पोस्टमनला ते ठाऊक होते. तद्वत एक्सेलमध्ये शीटचे नाव बदलले, तरी थेट पत्ता आपण होऊन बदलतो. अवतरणचिन्हांतील पत्ता म्हणजे पाकिटावर शाईने लिहिलेली अक्षरे. शीटचे नाव बदलले तरी ती अक्षरे बदलत नाहीत. पत्र पोहोचत नाही. आणि वाईट असे की, ते परतही येत नाही. अट चुकीची ठरली तर यंत्र कोणतीही सूचना देत नाही, नुसता रंग भरीत नाही.

आमची शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा व भिल्ल वस्तीतील. चोपडा, यावल, रावेर काय किंवा शिरपूर काय, या पट्ट्यात शिकविणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. दिवाळी आटोपली की कोयते बांधले जातात आणि कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कित्येक गुजरातेत बारडोलीच्या बाजूस जातात. मुले बरोबर जातात. जाण्यापूर्वीचे दोनतीन आठवडे मुलांची हजेरी विरळ होऊ लागते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, मुकादमाची वाट पाहणे, सामान बांधणे, ही त्याची कारणे. तेवढाच आपल्या हाती असलेला अवधी. त्या अवधीत घरी गेलो, तर आजीजवळ मूल ठेवण्याविषयी बोलता येते, हंगामी वसतिगृहाची सोय सांगता येते. आणि कुटुंब जाणारच असेल, तर मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देता येते, म्हणजे तो जेथे जाईल तेथील शाळेत त्याला बसता येईल.

यासाठीच मी मोबाइलवर ती फाइल केली होती, आणि सुरुवातीस तिने चांगले काम दिले. सप्टेंबरात तीन तांबडी नावे दिसली, तीनही घरी गेलो, तीनही मुले परत आली. पुढे दिवाळीच्या सुमारास फाइल नीटनेटकी करताना मीच ‘निकष’ या शीटच्या नावापुढे वर्षाचा आकडा जोडला. सुटीनंतर शाळा भरली. तीन आठवडे एकही नाव तांबडे झाले नाही. मला आनंद वाटला. यंदा मुले टिकली, असे मी सहकाऱ्यांपाशी बोललोही. महिनाअखेर कागदी हजेरीपट जुळवावयास बसलो, तेव्हा चौथीतील एका मुलीच्या ओळीत साऱ्या महिन्यात चार दिवसांची हजेरी निघाली. त्याच संध्याकाळी घरी गेलो. दाराला कुलूप होते. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘गुरुजी, ते गेले, आठ दिवस झाले.’ मुलीजवळ पत्रक नव्हते. ती होळीला परत आली, तोवर वर्गाचा भागाकार होऊन गेला होता. पहिल्या दिवशी फळ्यावरील उदाहरण पाहून तिने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

यात यंत्राचा दोष नाही आणि दुसऱ्या कोणाचाही नाही. रंग नाही याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा मी घेतला. त्याचा दुसराही एक अर्थ असू शकतो, आणि तो म्हणजे ‘कोणी पाहत नाही’. चुकांचे दोन प्रकार असतात. निकष ७५ लिहिला आणि हजेरी टक्क्यांच्या रूपात ठेवली, तर यंत्राच्या लेखी ती हजेरी ०.७५ असते, सगळा वर्ग तांबडा होतो, आपण हसतो आणि चूक सुधारतो. ही ओरडणारी चूक. तिचे भय नाही. डॉलर विसरणे, नाव बदलणे, निकषाची शीट पुसली जाणे, जुन्या यंत्रावर फाइल उघडणे, या मुक्या चुका. त्या सर्वांचे रूप एकच, आणि ते म्हणजे स्वच्छ, पांढरे, समाधान देणारे पान.

तेव्हापासून मी एक साधी व्यवस्था ठेवली आहे, आणि ती आपणही ठेवावी अशी माझी विनंती आहे. प्रत्येक वर्गाच्या यादीत सर्वांत शेवटी ‘कसोटी’ नावाची एक ओळ ठेवावी. तिच्यात हजर दिवस नेहमी शून्य लिहावे. ही ओळ रंगाच्या अटीच्या टप्प्यात असावी, मात्र पटसंख्येच्या बेरजेत धरू नये. सोमवारी फाइल उघडली की प्रथम या ओळीकडे पाहावे. ती तांबडी असेल, तर यंत्र जागे आहे. ती पांढरी असेल, तर मुलांच्या नावांकडे पाहण्यापूर्वी अट दुरुस्त करावी. वर सांगितलेल्या मुक्या चुका या एका ओळीने उघड होतात.

या ओळीचा आणखी एक उपयोग होतो. वर्षाच्या मध्येच दाखल होणारी मुले आपण यादीच्या शेवटी लिहितो, आणि ती अटीच्या टप्प्याबाहेर पडतात. बाहेरगावाहून परत येणारी, म्हणजे ज्यांच्यावर अधिक लक्ष हवे, तीच ही मुले. कसोटीच्या ओळीच्या वर नवी ओळ घालून त्यांची नावे लिहिली, तर अटीचा टप्पा त्यांना आपोआप सामावून घेतो.

ज्यांना थोडे पुढे जावयाचे आहे, त्यांनी ‘स्थलांतर’ नावाची आणखी एक शीट ठेवावी. गेल्या वर्षी ज्या घरांतील मुले बाहेर गेली होती, त्यांचे जनरल रजिस्टरमधील क्रमांक तिच्यावर लिहावेत. मग वर्गाच्या शीटवर, ए रकान्यात तेच क्रमांक असल्यास, असे सूत्र द्यावे :

=काउंटइफ(स्थलांतर!$ए$२:$ए$६०,$ए५)>०

ज्या मुलाचा क्रमांक त्या यादीत आहे, त्याच्या नावाला पिवळा रंग येईल, आणि दिवाळीपूर्वीच कोणत्या घरी जावयाचे हे समजेल. यादी नावांवरून करू नये. एकाच वस्तीत एकाच नावाची तीनचार मुले असतात, आणि नावातील एक वेलांटी बदलली तरी यंत्राला ते मूल परके होते. क्रमांक तसा फसवीत नाही.

एक गोष्ट आणखी. केवळ रंगावर विसंबू नये. काहींना तांबडा व हिरवा यांतील भेद नीट दिसत नाही, आणि पत्रकाची काळी-पांढरी प्रत काढली की सर्व रंग करडे होतात. म्हणून शेजारच्या रकान्यात त्याच निकषावरून ‘घरभेट’ हा शब्द उमटेल असे सूत्रही ठेवावे.

बंधुभगिनींनो, आपल्याच जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते, आणि छात्रालयातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतः काढीत. वसतिगृहातील मुलांसाठी रोज एक अंक हाताने लिहून काढणारा शिक्षक मुलांकडे किती बारकाईने पाहत असेल, याची कल्पना करा. ते पाहणे आपल्याकडील कोष्टकास जमणार नाही. कोष्टक फार तर इतकेच करील : चाळीस नावांतून ‘आज या घरी जा’ म्हणून एक नाव पुढे करील. ते नाव खरे असावे आणि कोणतेही नाव गळू नये, एवढ्यासाठीच निकषाचे पान, डॉलरचे चिन्ह आणि कसोटीची ओळ यांचा हा खटाटोप.

घरी गेल्यावर आपली फाइल उघडा, शेवटी एक ओळ घाला, तिच्यात शून्य लिहा, आणि ती तांबडी होते का ते पाहा. न झाल्यास दिवाळीपूर्वी दुरुस्त करा.